कुलपाभोवतीचे ओरखडे

त्याला मी आजींचा नातू समजले, ही माझी चूक. आणि माझं असं आहे, की मी चूकसुद्धा इतक्या आत्मविश्वासाने करते की समोरच्यालाही ती पटते.

दुपारचे अडीच वाजले होते. इमर्जन्सीत पाय ठेवायला जागा नव्हती. सात नंबरच्या पडद्याआड स्ट्रेचरवर मूठभर जिवाच्या एक आजी होत्या. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे अर्धवट मिटलेले, ओठांतल्या ओठांत पुटपुटणं चाललेलं. शेजारच्या खुर्चीच्या अगदी टोकावर एक उंच माणूस बसला होता. मांडीवर लोखंडी पेटी, बाहीवर तेलाचा डाग, आणि एका हातात आजींचा चष्मा. तो चष्मा कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो नुसता धरून बसला होता.

मी फिजिओथेरपिस्ट. माझ्या गळ्यात स्टॉपवॉच असतं, म्हणून सगळं हॉस्पिटल मला घड्याळवाली म्हणतं. पासष्टी ओलांडलेलं कोणीही आमच्याकडे आलं की वय आणि आजार यांनी तो माणूस किती खचलाय, ते मोजणं हे माझं काम. त्यासाठी एक कार्ड आहे. एक ते नऊ आकडे. एक म्हणजे तुडतुडीत, तरण्याताठ्यांना लाजवणारा. सात म्हणजे आंघोळीपासून जेवणापर्यंत सगळं दुसऱ्याच्या हातून. नऊ म्हणजे शेवटचं वळण.

या कार्डाची एकच मेख आहे. आज माणूस कसा दिसतोय ते लिहायचं नाही. आज तर तो आजारीच आहे! पंधरा दिवसांपूर्वी, आजारी पडायच्या आधी तो कसा होता, ते लिहायचं. तापाने फणफणलेला पैलवानही स्ट्रेचरवर काडीपैलवानच दिसतो. म्हणून घरच्यांना विचारावं लागतं, आणि मी ते झटपट विचारते.

"नातू ना? बसा, उठू नका."

"नाही, म्हणजे मी—"

"मी विचारीन तेवढंच सांगा. गर्दी बघताय ना? पंधरा दिवसांपूर्वी आजी जिने चढत होत्या?"

तो दचकला. मग म्हणाला, "चढतच असणार. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही."

"घरात मदतीला कोण?"

"कोणी नाही. एकट्याच राहतात."

"हात थरथरतो का?"

या प्रश्नाला मात्र त्याने थेट माझ्याकडे पाहिलं. डोळे तपकिरी होते, आणि शांत. "अजिबात नाही. हे खात्रीने सांगतो."

मी कार्डावर तीन लिहिला. तीन म्हणजे दुखणीखुपणी असतील, पण माणूस आपलं आपण सांभाळतो. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं, नातू. दीड मिनिटात काम फत्ते. मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली.

तेवढ्यात सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. "नातेवाईकांची सही हवीय."

"मी कसा सही करू?" तो उठून उभा राहिला. "मी कुलूपवाला आहे."

"काय?" हे मी. माझा आवाज शेजारच्या पडद्यापर्यंत गेला असावा.

"आजी आत पडल्या होत्या. नळ वाहत होता, हाका मारल्या तरी उत्तर नाही, म्हणून शेजारच्या बाईंनी मला बोलावलं. मी दार उघडलं. अँब्युलन्समध्ये बसायला कोणी तयार होईना, म्हणून मी बसलो."

"मग तुम्ही आजींना कधीपासून ओळखता?"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दीड तास झाला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं तर तो माझाच माझ्यावर व्हायला हवा होता, पण आपल्या चुकीवर रागवायला दुसरा माणूस समोर असला की बरं पडतं. "सांगायचं होतंत ना!"

"सांगत होतो. तुम्ही म्हणालात, विचारीन तेवढंच सांगा."

सिस्टर फॉर्ममागे तोंड लपवून हसल्या. मी हसले नाही, कारण आमचे मोठे डॉक्टर पडदा सारून आत आले होते. ते कमी बोलतात आणि जास्त गुरगुरतात.

"छाती भरलीय. आयसीयूत एक बेड आहे," ते म्हणाले. "पंधरा दिवसांपूर्वी ह्या हिंडत्याफिरत्या असतील, तर वर नेऊन झुंजायला अर्थ आहे. आधीच अंथरुणाला खिळलेल्या असतील, तर नळ्या आणि यंत्रांचा छळ नको, वॉर्डात शांतपणे ठेवू. नुसत्या आकड्यावर मी ठरवणार नाही, पण आकडा मला हवाय. खरा. दहा मिनिटांत."

ते गेले. आणि पाठोपाठ धापा टाकत शेजारीणबाई आल्या. मी त्यांना खुर्ची दिली आणि शहाणपण शिकून या वेळी आधी विचारलं, "तुम्ही कोण?"

"समोरच्या दारात राहते. पंधरा वर्षं झाली." बाईंनी पदराने घाम पुसला. "काय सांगू तुम्हाला! ह्या बाहेर पडतात कुठे? दिवसभर दार बंद. मला तर जिन्यात कधी दिसल्या नाहीत. सगळं संपलंय हो त्यांचं. आता यातून सोडवा बिचारीला."

म्हणजे सात. कदाचित आठ. माझ्या हातात कार्ड होतं, कार्डावर तीन होता, आणि तीनच्या शेजारी ज्याला काडीचा अधिकार नाही असा नातू. आजींचा एक भाचा होता, पण समुद्रापलीकडे. त्याचा फोन लागत नव्हता. मी खोडरबर काढलं... आणि थांबले.

"हात थरथरत नाही, हे खात्रीने कसं म्हणालात?" मी कुलूपवाल्याला विचारलं.

"कुलपावरून."

"हे बघा, चेष्टेची वेळ नाही."

"चेष्टा नाही." त्याने पेटी खाली ठेवली. "ज्याचा हात थरथरतो तो माणूस किल्ली लावताना आधी चार वेळा बाजूला टेकवतो. भोकाभोवती ओरखडेच ओरखडे होतात. माझ्या वडिलांच्या दाराला आहेत. आजींचं कुलूप जुनं आहे, पण भोकाभोवती एकसुद्धा ओरखडा नाही."

माझं खोडरबर हवेतच राहिलं. "आणखी काय पाहिलंत?"

"दाराला आतून वर एक कडी आहे, माझ्या कपाळाच्या उंचीवर. आज लावायची राहिली होती. रोज वापरून चकचकीत झालेली. आजी माझ्या छातीलाही लागणार नाहीत, मग कडी कशी लावत असतील? दाराआड पाहिलं तेव्हा कळलं. मागे एक स्टूल होतं, बरोबर मध्ये पायाने झिजलेलं."

"स्टुलावर चढतात?" मी किंचाळलेच. आयुष्यभर मी म्हाताऱ्या माणसांना हात जोडून सांगत आलेय, स्टुलावर चढू नका. आणि त्या क्षणी त्या स्टुलाला मिठी मारावीशी वाटली. "रोज? कशालाही न धरता?"

"धरायला तिथे काही नाही."

"चपला? चपला पाहिल्यात?"

"बूट आहेत, कापडी. कुलपाशी वाकलं की बूट नाकासमोरच येतात. टाचा झिजल्यात."

"एका बाजूने की दोन्ही सारख्या?"

त्याने डोळे मिटले. खरोखर मिटले, आणि त्या दाराशी जाऊन आला. "दोन्ही. अगदी सारख्या."

पाय ओढत चालणाऱ्याचा एक बूट आधी जातो. दोन्ही टाचा सारख्या झिजल्या असतील तर माणूस सरळ चालतो, आणि भरपूर चालतो. मी आजींच्या पायावरची चादर बाजूला केली आणि पोटरी दाबून पाहिली. हे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. सुरकुतलेल्या कातडीखाली घट्ट, कसलेला स्नायू होता. पंधरा दिवस अंथरुणात काढलेल्या माणसाची ती पोटरी नव्हतीच.

"अहो, पण मी पंधरा वर्षं बघतेय—" शेजारीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही दार बघताय, बाई. बंद." मी कार्डावरचा नातू खोडला. तीन तसाच ठेवला.

मोठ्या डॉक्टरांनी ते कार्ड वाचताना चष्मा कपाळावर चढवला. "माहिती देणारा, कुलूपवाला. ओळख, दीड तास. पुरावा, कुलूप, स्टूल, बूट, पोटरी... हे काय आहे?"

"खरा आकडा आहे, सर."

"आणि चुकलात तर?"

"तर उद्यापासून ते कार्ड माझ्याकडून काढून घ्या. पण आज सात लिहून चुकले, तर ती चूक सुधारायला आजी उरणार नाहीत."

 डॉक्टरांनी स्वतः पडद्याआड जाऊन ती पोटरी दाबून पाहिली, आणि बाहेर येऊन गुरगुरले, "वर न्या."

स्ट्रेचर लिफ्टमध्ये गेलं आणि मी भिंतीला टेकले. कुलूपवाल्याने खुर्ची माझ्या मागे सरकवली. मी बसले. तो आजींचा चष्मा अजून हातातच धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तो पुन्हा आला.

"आजी शुद्धीवर आल्या?"

"नाही. का?"

त्याने खिशातून किल्ली काढली. पितळेची, नवी कोरी. "दार उघडताना कुलूप तोडावं लागलं. नवं बसवलंय. किल्ली द्यायची आहे."

"ठेवा इथे, मी देईन."

"नाही जमणार." त्याने मूठ मिटली. "आमच्या धंद्याचा नियम आहे. किल्ली मालकाच्याच हातात द्यायची, आणि मालक पूर्ण शुद्धीवर असताना. वडिलांनी पहिला धडा हाच दिला."

"मग फोन करून विचारत जा. रोज हेलपाटा कशाला?"

"फोनवर माणसाचा आवाज ऐकू येतो. चेहरा दिसत नाही."

"आजींचा?"

"...हो. आजींचाच." आणि कानाच्या पाळ्या लाल करून तो जिन्याने खाली गेला. लिफ्ट समोर उघडी होती.

तिसऱ्या दिवशी आला. चौथ्या दिवशी आला. पाचव्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटं झाली तरी आला नाही, तेव्हा मी दोनदा खिडकीपाशी जाऊन आले. बाहेर बारीक पाऊस पडत होता. पाच पंधराला तो पेटी छातीशी धरून धावत आला, स्वतः भिजलेला आणि पेटी कोरडी. माझ्या छातीत जे झालं त्याचं स्टॉपवॉचवर माप नव्हतं. तो मला आवडायला लागला होता. उगाच आडवळणं कशाला घ्या?

मशीनमधला कॉफीचा कप हातात घेऊन आम्ही जिन्याशेजारच्या बाकावर बसायचो. त्या दिवशी त्याची नजर बाकासमोरच्या माझ्या कपाटावर गेली.

"याच्यावर चोराने हात टाकलाय."

"चोर नाही, मी. किल्ली हरवली होती, हेअरपिनने उघडलं."

त्याने वाकून कुलूप पाहिलं. "उघडलं नाही, मारलंय त्याला. तुम्ही कुलपाला बोलू देत नाही. आधीच ठरवून टाकता ते काय म्हणणार आहे."

"नातू ना, बसा, उठू नका?"

"तसंच." तो हसला. "पण एक गोष्ट आहे. चूक झाली की तुम्ही थांबता. खोडरबर हातात असताना थांबणारी माणसं कमी असतात."

आजवर मला हुशार, फटकळ आणि घड्याळवाली म्हणणारे बरेच भेटले होते. मी कुठे थांबते हे कोणी पाहिलं नव्हतं. मी कॉफीत बघत राहिले, कॉफी संपली होती तरी.

नवव्या दिवशी सकाळी आजी शुद्धीवर आल्या. मास्क निघाला होता. मी बेडजवळ गेले तर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तूच का ती, माझी पोटरी दाबणारी?"

"हो आजी. एक सांगा, तुम्ही घराबाहेर पडता की नाही?"

"पहाटे साडेपाचला. मैदानाला चार चकरा, मग भाजी, मग तीन जिने. समोरची उठायच्या आत घरात." त्यांनी आवाज खाली आणला. "एकदा तिच्या तावडीत सापडलं की तास गेलाच. तेव्हा दार बंद."

मी इतकी हसले की सिस्टर धावत आल्या. मग तडक मोठ्या डॉक्टरांना सांगायला गेले. ते फक्त "हं" म्हणाले. पण त्या दिवसापासून इमर्जन्सीतल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला ते सांगायला लागले, आकडा लिहिण्याआधी बूट बघा.

इथवर सगळं ठीक होतं. पेच पडला संध्याकाळी पाचला.

"आजी शुद्धीवर आल्या?"

आल्या म्हटलं असतं, तर त्याने किल्ली दिली असती. आणि किल्ली दिल्यावर... उद्या पाचला यायला कारण काय उरलं असतं? मी, खऱ्या आकड्यासाठी मोठ्या डॉक्टरांशी भांडणारी, म्हणाले, "झोपल्यात."

खोटं नव्हतं ते. आजी संध्याकाळी चार ते सहा झोपायच्याच. दहाव्या दिवशीही झोपल्यात. अकराव्या दिवशीही. तो मान हलवायचा, आम्ही कॉफी प्यायचो, आणि मला रात्री घरी जाऊन स्वतःचीच लाज वाटायची. तरी दुसऱ्या दिवशी मी तेच सांगायचे.

पंधराव्या दिवशी आजींना घरी सोडायचं होतं. मी स्टॉपवॉच घेऊन त्यांची चाचणी घेतली. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत या, बसा. काठी टेकत आजींना सव्वीस सेकंद लागले.

"पंधरा दिवसांपूर्वी दहात केलं असतं," आजी चिडून म्हणाल्या.

"महिन्याभरात पुन्हा कराल. मी येईन व्यायाम करून घ्यायला. आणि ती वरची कडी आता बंद. स्टूल मी जप्त करणार."

"कडी त्याने कालच खाली बसवली. विचारून गेला, किती उंचीवर हवी."

"...कोणी?"

"कोणी काय? कुलूपवाल्याने. गेले पाच-सहा दिवस सकाळी येतोच आहे की."

पडद्याची कड हलली. हातात पेटी, चेहऱ्यावर पकडलेल्या चोराचं हसू. सकाळचे दहा वाजले होते, पाच नव्हे.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "आणि तरी रोज संध्याकाळी विचारत होतात, आजी शुद्धीवर आल्या का?"

"आणि तुम्ही रोज सांगत होतात, झोपल्यात."

चोरावर मोर!  

"आणि तुमचा तो नियम?" मी शेवटचा बाण काढला. "मालक शुद्धीवर आला की किल्ली द्यायची?"

"सकाळी आला त्या पहिल्याच दिवशी देत होता गं तो," आजी म्हणाल्या. "मीच घेतली नाही. म्हटलं, घेतली तर हा संध्याकाळी काय सांगून येणार?"

तो पुढे आला आणि आजींनी रिकाम्या केलेल्या खुर्चीत बसला. "माझीही तपासणी करा. कार्ड भरा."

"तुमचं वय बसत नाही त्यात."

"विचारून तर बघा. तो पहिला प्रश्न."

मी खुर्चीसमोर उभी राहिले. "पंधरा दिवसांपूर्वी... कसे होतात?"

"ठणठणीत. जेवण वेळेवर, झोप गाढ. कोणतंही कुलूप दोन मिनिटांत. सगळं माझं मी करत होतो. कोणाची गरज लागत नव्हती."

"आणि आता?"

"आता पाच वाजेपर्यंत दिवस सरत नाही." त्याचा शांत आवाज पहिल्यांदा अडखळला. "रस्त्यात काही गंमत दिसली की तुम्हाला सांगायची म्हणून लक्षात ठेवतो. मला तुम्ही आवडता... फार आवडता. रोज हव्या आहात. किल्ली नसली तरी."

"पुरावा?" मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

त्याने पेटी उचलून माझ्या हातात दिली. तिला एक छोटं कुलूप होतं, रोज उघडबंद व्हायचं ते. मी वाकून पाहिलं. किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे होते. ताजे, चमकणारे, दहा-बारा तरी असतील.

"रोज संध्याकाळी तुम्हाला भेटून निघालो की पेटी उघडता येत नाही मला," तो म्हणाला. "हात थरथरतो."

हातच्या कांकणाला आरसा कशाला! मी त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं, एकेका संध्याकाळवरून. मग पेटी खाली ठेवली, तीन मीटर मागे गेले आणि स्टॉपवॉच हातात घेतलं.

"खुर्चीतून उठ," मी म्हटलं. मी त्याला अरे-तुरे केलं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. "माझ्यापर्यंत चालत ये."

तो उठला. चालत आला. माझ्यासमोर येऊन थांबला, तेलाचा आणि पितळेचा वास घेऊन.

"आता वळायचं असतं ना?" त्याने हळूच विचारलं.

"इतरांनी," मी म्हणाले, आणि त्याचा हात हातात घेतला. खरंच थरथरत होता. मी धरला तसा तो हळूहळू स्थिर झाला, आणि मग माझाच थरथरायला लागला.

"मलाही तू हवा आहेस," मी सांगून टाकलं. "नवव्या दिवसापासून मी आजींना झोपवतेय, ते काय उगाच?"

"झालं का रे तुमचं?" मागून काठी आपटली. "माझी किल्ली दे आता. पंधरा दिवस माझ्या झाडांना पाणी नाही, मला घरी जायचंय."

त्याने एका हाताने किल्ली काढून आजींच्या तळहातावर ठेवली. दुसरा हात मी सोडला नव्हता.